भीतीची झुनझुनी

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी गेली अकरा वर्षं एकच लेख लिहीत आलो. 'मल्लखांब आणि मुलांचं आरोग्य.' शीर्षक दरवर्षी थोडं इकडे-तिकडे करायचो, आतला मजकूर तोच: लवचिकता वाढते, एकाग्रता वाढते, मुलं धीट होतात. यंदा संपादकांचा फोन आला तेव्हा ते बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "भिया, इस बार तुमचं पान राहू द्यायचं का? काही टेंशन नका घेऊ." मी म्हटलं, राहू देऊ नका. या वेळी दुसरं काहीतरी लिहून देतो.

तर हे ते दुसरं. माझी मुलगी रेवा गेल्या वर्षी, वयाच्या नवव्या वर्षी, आमच्याच व्यायामशाळेत दोरीच्या मल्लखांबावरून पडली. तिच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मार बसला. ती आता चालत नाही. तिला शिकवणारा मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे चांगल्या शेवटाची वाट बघत कुणी वाचत बसणार नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्यासाठी मी लिहितो आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी जरा जास्तच.

आमचा नियम

आमच्या व्यायामशाळेत एक नियम होता. मूल पडलं की त्याला रडायला वेळ द्यायचा नाही. लगेच उभं करायचं, कपाळाला चिमूटभर माती लावायची आणि जिथून पडलं तिथे परत एकदा चढवायचं. वर हात लावून खाली आलं की मग घरी जाऊ द्यायचं. याला आम्ही 'भीती उतरवणं' म्हणायचो. भीती एकदा पायात बसली की ते मूल पुन्हा कधी चढत नाही, असं दादा सांगायचे.

दादा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चाळीस वर्षं ही व्यायामशाळा चालवली, त्यांच्या आधी त्यांच्या काकांनी. आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेबरोबर इंदूरला आले असं आमच्या घरात सांगतात. इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात हेच सांगतात, त्यामुळे त्या फौजेत स्वयंपाक कोण करत होतं देव जाणे. पण धीटपणा ही आमच्या घरची मिरवायची गोष्ट होती एवढं खरं. मी सात वर्षांचा असताना पडलो, हनुवटी फुटली, आणि दादांनी रक्त पुसत पुसत मला परत वर चढवलं. ती खूण मी मोठा होईपर्यंत लोकांना कौतुकाने दाखवायचो. रेवालाही दाखवली होती. ती त्यावरून बोट फिरवायची आणि विचारायची, "आणि तुम्ही रडला नाहीत?" मी म्हणायचो, "बिल्कुल नाही." हे खोटं होतं. घरी आल्यावर आईच्या पदरात तोंड खुपसून मी चांगला तासभर रडलो होतो.

पडली ती संध्याकाळ

हरतालिकेचा आदला दिवस होता. उत्सवातलं प्रात्यक्षिक जवळ आलेलं, त्यामुळे मुलांना मी जरा जास्तच पिळत होतो. दिवसभर वीज कंपनीच्या कचेरीत खुर्ची उबवून आलेला माणूस संध्याकाळी शिट्टी हातात घेतली की फार कडक होतो. माझं तसंच होतं.

रेवा दोरीवर होती. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून, हात सोडून, पाठीवर आडवं व्हायचं, अशी एक मुद्रा असते. तिला ती छान यायची. त्या दिवशी अंगठा सुटला. ती माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर होती. अर्धी गादीवर आणि अर्धी फरशीवर अशी ती पाठीवर पडली.

ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, "कुठे लागलं?"

"पाठीत," ती म्हणाली. "आणि बाबा, पायात झुनझुनी होतेय."

हातापायाला मुंग्या येतात त्याला इंदुरात आम्ही झुनझुनी म्हणतो. त्या झुनझुनीचा अर्थ काय असतो हे आज मला चांगलं माहीत आहे. त्या दिवशी मी म्हणालो, "ती भीतीची झुनझुनी आहे, बेटा. एकदा वर जाऊन ये, निघून जाईल."

तिच्या काखेत हात घालून मी तिला उभं केलं. ती उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस मी मनातल्या मनात याच गोष्टीला धरून होतो, की ती उभी राहिली होती. मी तिच्या कपाळाला माती लावली. बाकीची मुलं गोल करून उभी होती. ती दोरीला नमस्कार करून चढली. हातांच्या जोरावरच चढली, पाय नीट लागत नव्हते, ते मला दिसलं आणि मी ओरडलो, "पाय वापर, पाय!" वरच्या गाठीला हात लावून ती उतरायला लागली आणि शेवटचं थोडं अंतर सुटून धपकन बसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"गेली ना झुनझुनी?" मी विचारलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थोडी गेली."

माझी बायको माधवी शाळेत शिकवते. तिला घरी आल्यावर कळलं की पोरगी पडली, आणि तिने हट्टच धरला म्हणून आम्ही तुकोगंजात जाऊन एक्सरे काढला. तिथले डॉक्टर भले गृहस्थ होते. "हड्डी बिल्कुल ठीक है," ते म्हणाले. "बच्चे तो रबर के होते हैं." दुखण्याचं औषध दिलं. येताना रेवाने भुट्ट्याचा कीस मागितला आणि अर्धाच खाल्ला. पाय जड झालेत म्हणाली म्हणून सुदामा नगरात घरी पोचल्यावर मी तिला खांद्यावर टाकून जिना चढलो. म्हणजे एका संध्याकाळी मी तिला दोनदा उचललं.

हरतालिकेची सकाळ

सकाळी माधवी पूजेची पत्री निवडत होती. निर्जळी उपास होता तिचा. आतून रेवाची हाक आली, "आई, माझे पाय अजून उठले नाहीत!" तिला ते गमतीचं वाटत होतं. शाळा बुडणार म्हणून खूष होती.

माधवीने पांघरूण काढलं तर गादी ओली होती. रेवाचा चेहरा एकदम उतरला. "मी नाही केलं," ती म्हणाली. "आई शप्पथ, मला कळलंच नाही." माधवी पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मी दारातून बघत होतो. रेवा वैतागून म्हणाली, "चिमटा काढून बघ ना, झोपलेत का ते." आणि माधवी तेव्हा दोन्ही हातांनी तिच्या अंगठ्याला चिमटाच काढत होती, नखं पांढरी होईपर्यंत.

दवाखान्यात मोठ्या यंत्रातून तपासणी झाली. दुपारी डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. वयाने आमच्याहून लहान, थकलेल्या, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी कागदावर एक नळी काढली आणि तिच्यात एक रेघ. लहान मुलांची हाडं आणि सांधे मऊ असतात, त्या म्हणाल्या. पडलं की कणा ताणतो, वाकतो आणि परत आपल्या जागी येऊन बसतो. म्हणून एक्सरेत काहीच दिसत नाही. आतल्या रज्जूला मात्र तेवढं ताणणं सोसत नाही. कधी कधी आधी नुसती झुनझुनी होते आणि ताकद काही तासांनी जाते.

मग त्यांनी विचारलं, "गिरने के बाद बच्ची ने कुछ कहा था? उसके बाद चलाया, या कुछ करवाया?"

माधवी माझ्या शेजारी बसली होती.

"नहीं मॅडम," मी म्हणालो. "पीठ में दर्द बोल रही थी, बस."

वॉर्ड

त्या वॉर्डात आम्ही सहा आठवडे होतो. सुरुवातीला मला वाटायचं की आपल्यासारखं दुर्दैव जगात कुणाचं नाही. आठवड्याभरात ते डोक्यातून गेलं. एक मुलगी कठडा नसलेल्या गच्चीवरून पडली होती. एक जांभळाच्या झाडावरून. एक लहानगा बापाच्या स्कूटरवर पुढे उभा होता, स्कूटर खड्ड्यात गेली. एकाने उथळ तलावात सूर मारला होता. प्रत्येक पलंगाची गोष्ट वेगळी, पण मधलं एक वाक्य सगळ्यांच्या गोष्टीत सारखं असायचं, आणि ते सांगताना सगळ्यांचा आवाज खाली यायचा. "फिर हमने उठा लिया." दोघांनी हात-पाय धरून उचललं. मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. आधी हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे नेलं, त्याने पाठ चोळली. प्रेमानेच केलं सगळ्यांनी. आपलं मूल जमिनीवर पडलेलं असताना त्याला हात लावायचा नाही, हे कुठल्या आई-बापाला सुचणार?

दिवस ठरलेला असायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. ते मी शिकलो. पहिल्यांदा मी इतका वेळ लावला की कमला मौसी, वॉर्डातली आया, मला म्हणाली, "हटो बाबूजी, तुमसे अच्छा तो मैं आँख बंद करके कर दूँ," आणि मग मला समोर उभं करून तिने तीनदा करून दाखवलं. ही बाई सगळ्यांना रागवायची. पण रविवारी घरून पोहे आणि शेव आणायची आणि मुलांना गुपचूप चमचा चमचा भरवायची. रेवाला ती 'पहलवान' म्हणायची.

कारण रेवा रडायची नाही. सुया टोचल्या, नळी घातली, पट्टा बांधला, मालीश करताना पाठ दुखली, तरी ती ओठ दाबून छताकडे बघायची आणि एक-दोन-तीन मोजायची. शेजारची मुलं भोकाड पसरायची आणि त्यांच्या आया त्यांना रेवाकडे बोट दाखवून म्हणायच्या, ती बघ ताई कशी शूर आहे. मला अभिमान वाटायचा. त्या दिवसांत अभिमान वाटावा असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं, म्हणून मीही तिला सारखं म्हणायचो, "शाब्बास. घाबरायचं नाही."

पाच दिवसांनी

खोटं बोलून मी पाच दिवस काढले. आपण नाही सांगितलं म्हणून औषध चुकत असेल का, ही टोचणी मला जेवू देत नव्हती. सहाव्या दिवशी डॉक्टर मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना वऱ्हांड्यात गाठलं. माधवी माझ्या मागे येऊन उभी आहे हे मला दिसलं होतं. दिसलं होतं तरी मी बोललो, कारण तिला वेगळं बसवून सांगायची हिंमत माझ्यात कधीच आली नसती.

मी सगळं सांगितलं. झुनझुनी, माती, दुसऱ्यांदा चढणं, धपकन बसणं.

मी विचारलं, "उससे फर्क पड़ा होगा?"

"कह नहीं सकते," त्या म्हणाल्या. "पहली चोट भी बड़ी थी. शायद वैसे भी यही होता. शायद नहीं. ये मैं आपको कभी नहीं बता पाऊँगी." औषधात काही बदलणार नव्हतं. एवढं सांगून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. त्यांनी मला दोष दिला असता तर ते सोपं गेलं असतं.

माधवी म्हणाली, "पाच दिवस?"

त्यानंतर ती माझ्याशी फक्त औषधांचं बोलायची. 'गोळी दिली.' 'कूस बदलायची वेळ झाली.' 'चादर आणा.' आम्ही दोघं एका पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून आमच्या मुलीला वळवायचो, एक-दोन-तीन म्हणून, हात अगदी बरोबर लागायचे, आणि एकमेकांकडे बघायचो नाही. असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका दुपारी तिने चहाचा कप अर्धा पिऊन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मी तिथे असते तर मीसुद्धा तिला उभंच केलं असतं. दादांच्या नियमापुढे मी तरी काय वेगळं बोलले असते? मला स्वतःला माफ करता येत नाहीये, तर तुम्हाला कुठून करू?" तो अर्धा कप मी प्यायलो. गार झाला होता. आमचं लग्न टिकलं ते त्या अर्ध्या कपावर असं मला अजूनही वाटतं.

दादांना मी घरी सांगितलं. त्यांनी विचारलं, "परत चढवलंस?"

"हो."

"माझ्या सांगण्याप्रमाणे?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढं दान देता आलं असतं. दादा उठून आत गेले. व्यायामशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा चाळीस वर्षं त्यांच्या कमरेला असायचा, तो त्यांनी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. त्या दिवसानंतर ते तिकडे गेले नाहीत. आता ते दिवसभर रेवाबरोबर पत्ते खेळतात आणि मुद्दाम हरतात. तिला ते कळतं आणि तीही त्यांना कळू देत नाही.

घरी आल्यावर

घर तेच होतं, पण सगळंच्या सगळं उंचीवर गेलं होतं. बेसिन, आरसा, फ्रीजचा वरचा कप्पा, देव. आम्ही खालच्या मजल्यावर राहायला आलो. शाळेने तिचा वर्ग खाली आणला, मुख्याध्यापिकाबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. त्यांच्यासमोर मला रडू आलं आणि त्यांनी पदराने माझे डोळे पुसायचेच बाकी ठेवले. मैत्रिणी यायच्या. पहिल्या महिन्यात सात-आठ, मग तीन, मग एक. ती एक मात्र अजून येते, रोज भांडते आणि रोज येते. देव त्या पोरीला सुखी ठेवो.

लोक येऊन काहीबाही सांगायचे. अमुक गावी तेल मिळतं, तमुक बाबा हात फिरवतात. एकदा एक दूरचे मामा म्हणाले, "अहो, मुळात मुलीला कशाला चढवायचं दोरीवर?" माधवीने त्यांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली आणि दार उघडून उभी राहिली. घरात बऱ्याच दिवसांनी हसू आलं ते तेव्हा.

हसतो आम्ही. हेही लिहून ठेवायला हवं. पण सकाळी जाग आल्यावर पहिला एक क्षण असतो जेव्हा काहीच झालेलं नसतं. मला वाटतं रेवा आता उड्या मारत येईल आणि माझ्या पोटावर पडेल. मग आठवतं. असं रोज होतं. वर्ष झालं तरी रोज होतं.

एवढं तरी पाठ करा

व्यायामशाळा मी बंद केली नाही. बंद करणार होतो, पण मुलं दुसरीकडे कुठेतरी चढणार, झाडावर, गच्चीवर, कुणाच्या तरी स्कूटरवर. आता गाद्या दुप्पट आहेत आणि भिंतीवर नवा नियम लिहिलाय. मोठ्या अक्षरांत लिहिलाय, दादांनी त्यावर एकदा नजर टाकावी म्हणून. ते अजून आलेले नाहीत.

उंचावरून पडलेलं किंवा गाडीवरून उडालेलं मूल उचलायचं नाही. बसवायचं नाही, पाणी पाजायला मान वर करायची नाही. ते आहे तसंच राहू द्यायचं, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, त्याच्याशी बोलत राहायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. हलवल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर चौघांनी मिळून, सगळं अंग एका रेषेत ठेवून, सपाट फळीवर घ्यायचं. मूल झुनझुनी म्हणालं, बधीर म्हणालं, पाय जड झाले म्हणालं, क्षणभर हात-पाय हलले नाहीत आणि मग हलले, तर ते सगळं डॉक्टरांना सांगायचं. एक्सरे चांगला आला तरी सांगायचं. आपण काय केलं तेही सांगायचं, कितीही लाज वाटली तरी.

आणि मुलाचं ऐकायचं. ते काय होतंय हे सांगत असतं. मोठ्या माणसाला त्याचं नाव आधीच माहीत असतं, तीच खरी अडचण आहे.

रेवा का रडत नव्हती

आमच्याकडे निधी मॅडम येतात, रेवाचा व्यायाम घ्यायला. पायांना पट्टे लावून, दोन दांड्यांच्या मध्ये त्या तिला उभं करतात. ते चालणं नव्हे. हाडं मजबूत राहावीत म्हणून ते असतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी जाताना त्या मला फाटकापाशी म्हणाल्या, "एक बात पूछूँ? ये बच्ची रोती क्यों नहीं? इतने महीनों में एक बार भी नहीं. मुझे अच्छा नहीं लगता. आप पूछिए ना."

मी म्हणालो, आमच्या घरातच तसं आहे. त्या म्हणाल्या, "फिर भी पूछिए."

दुपार होती. रेवा पट्टे लावलेल्या पायांवर उभी होती, दांड्या धरून. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मी समोर स्टुलावर बसलो. म्हटलं, "रेवा, तुला कधी रडावंसं नाही वाटत?"

"वाटतं ना."

"मग?"

"मग रडत नाही."

"का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात कुणी फारच सोपा प्रश्न विचारला की बघतात. "रडलं तर ती निघणार नाही ना, बाबा."

"कोण?"

"भीती. तुम्हीच बोलला होता ना, ती झुनझुनी भीतीची आहे म्हणून. मी वर गेले, पण मी आतून घाबरलेलीच होते. तुम्हाला नाही सांगितलं. म्हणून ती पूरी उतरली नाही, पायातच बसली." ती दम घ्यायला थांबली. "मी रोज थोडी थोडी काढतेय. सुईला नाही घाबरायचं, नळीला नाही घाबरायचं. पूरी निघाली की पाय येतील. पण सॉरी बाबा, अंधारात अजून थोडी लागते. त्याच्यामुळेच टाइम लागतोय."

नऊ महिने. नऊ महिने माझी मुलगी हे एकटीने मनात घेऊन पडली होती. तिला वाटत होतं की तिचे पाय तिच्या भित्रेपणामुळे गेले. आणि मी रोज तिच्या उशाशी बसून म्हणत होतो, शाब्बास, घाबरायचं नाही.

मी उठलो. तिचे पट्टे सोडले, तिला उचलून मांडीवर घेतलं. तिचे पाय माझ्या गुडघ्यावरून खाली लोंबत होते, लांब झालेत आता.

मी म्हणालो, "रेवा, ती झुनझुनी भीतीची नव्हती. तू पडलीस तेव्हा पाठीच्या आतल्या रज्जूला लागलं होतं. ते त्याचं होतं. तू मला बरोबर सांगितलंस आणि मी चुकीचं बोललो. तुला चढवलं ते तर फारच चुकलं माझं."

ती म्हणाली, "म्हणजे मी घाबरले म्हणून नाही झालं?"

"नाही. अजिबात नाही."

"तुम्ही खोटं बोलला होता?"

"मला ते खरं वाटत होतं. पण खरं नव्हतं."

ती माझ्या हनुवटीवरच्या खुणेवर बोट फिरवत होती, लहानपणी फिरवायची तसं. "मग पाय कधी येणार?"

हा प्रश्न तिने आम्हाला आधी कधीच विचारला नव्हता. आम्ही त्याला तिचा समजूतदारपणा म्हणत होतो. माधवी दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, सांगा म्हणून.

"बहुतेक नाही येणार, बेटा," मी म्हणालो.

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात, परवानगी मागावी तसं, तिने विचारलं, "मग आता मी घाबरले तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

तिने माझा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि ती रडायला लागली. तिचं सगळं अंग हलत होतं, फक्त पाय सोडून. माधवी येऊन खाली फरशीवर बसली आणि तिने ते पाय छातीशी धरले. आतल्या खोलीतून दादा आले, हातात पत्ते तसेच होते. ते भिंतीला धरून उभे राहिले, आणि मग त्यांच्याही तोंडून हुंदका फुटला. आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी कुणाला रडू नको म्हणालं नाही.